मिहानमध्ये काम, शनिवारी क्लास: कंपनीत शिकत डिग्री घेणाऱ्यांसाठी

बारावीचा निकाल लागला की कॅप राऊंड (इंजिनिअरिंगच्या प्रवेशफेऱ्या) सुरू होईपर्यंत नागपुरात घरोघरी एकच विषय असतो: इंजिनिअरिंगची फी झेपेल का, आणि नाही झेपली तर पोरानं करायचं काय. गेल्या काही वर्षांत या चर्चेत आणखी एक पर्याय आला आहे. मोठ्या आयटी कंपनीत अप्रेंटिस किंवा ट्रेनी म्हणून लागायचं, दर महिन्याला स्टायपेंड घ्यायचा आणि कामासोबतच डिग्री पूर्ण करायची. मी उमरेडची. याच वाटेनं मिहानमध्ये, म्हणजे नागपूरजवळच्या कंपन्यांच्या विशेष क्षेत्रात (सेझ), एका मोठ्या कंपनीत आले, आता डिग्रीचं शेवटचं वर्ष सुरू आहे. दर उन्हाळ्यात मावसभावापासून आईच्या भिशीतल्या काकूंच्या मुलीपर्यंत सगळे तेच प्रश्न विचारतात. म्हणून सगळं क्रमानं लिहून काढते आहे.

एक आधीच सांगते. यात कोडिंग हा अवघड भाग नाही, ते शिकवतात. अवघड हे की तुमच्यावर हक्क सांगणारे दोघं असतात, कंपनी आणि विद्यापीठ, आणि एकाचं वेळापत्रक दुसऱ्याला ठाऊक नसतं. हुशार मुलं इथेच दमतात. टिकून राहतात ती मुलं, जी प्रत्येक गोष्ट लेखी घेतात आणि लेखी ठेवतात. पुढे जे सांगितलंय त्यातलं बरंचसं याच एका सवयीभोवती फिरतं.

१. आधी दार ओळखा

लोक सगळ्यालाच ‘अप्रेंटिसशिप’ म्हणतात, पण आत जायची दारं तीन आहेत आणि प्रत्येकाचे नियम वेगळे.

पहिलं दार कॉलेजचं. तुम्ही बीएस्सी, बीसीए, बीकॉम अशा पदवीला प्रवेश घेता आणि त्या पदवीतच काही सेमिस्टर कंपनीत काम करायचं असतं. विद्यापीठांवर देखरेख करणाऱ्या यूजीसीनं याची मार्गदर्शक तत्त्वं २०२० मध्ये आणली आणि २०२५ मध्ये नव्यानं काढली. तीन वर्षांच्या पदवीत एक ते तीन सेमिस्टर, चार वर्षांच्या पदवीत दोन ते चार सेमिस्टर अप्रेंटिसशिप असू शकते आणि त्या कामाचे क्रेडिट (श्रेयांक) पदवीत धरले जातात. इथे तुम्ही आधी विद्यार्थी, नंतर अप्रेंटिस.

दुसरं दार कंपनीचं. बारावीनंतर कंपनीच तुम्हाला निवडते, शिकवते, नोकरीवर घेते आणि डिग्रीसाठी एखाद्या विद्यापीठाशी जोडून देते. एचसीएलटेकचा टेकबी हा यातला सगळ्यात ओळखीचा कार्यक्रम. बारावीला गणित किंवा बिझनेस मॅथ्स असलेल्यांसाठी तो आहे, आणि कंपनीचं केंद्र आपल्या मिहानमध्येही आहे. डिग्रीसाठी बिट्स पिलानी, शास्त्र, अ‍ॅमिटी अशी विद्यापीठं जोडलेली असतात. मी याच प्रकारच्या दारानं आत आले.

तिसरं दार पदवीनंतरचं. बीएस्सी किंवा बीसीए झालेल्यांना कंपनी घेते आणि नोकरी करता करता एमटेक करू देते. विप्रोचा वर्क इंटिग्रेटेड लर्निंग प्रोग्राम हे त्याचं उदाहरण. ‘बारावीनंतर चुकलं, आता काय’ म्हणणाऱ्यांनी हे दार बघावं.

नोकरीसोबत पदवी हा प्रकार आपल्याकडे काही कालपरवाचा नाही. बिट्स पिलानी १९७९ पासून नोकरदारांसाठी असे अभ्यासक्रम चालवते. इंग्लंडमध्ये ‘डिग्री अप्रेंटिसशिप’ या नावानं हेच २०१५ मध्ये सुरू झालं. तिथे शिकवणीची फी अप्रेंटिसला भरावी लागत नाही. आपल्याकडे ते गृहीत धरू नका. काही कार्यक्रमांत ट्रेनिंगची फी असते आणि ती बँकेचं कर्ज काढून भरायची सोय असते. हप्ता कधी सुरू होतो आणि मधेच सोडलं तर कर्ज कोणाच्या डोक्यावर, हे दोन प्रश्न माहिती-सत्रात हात वर करून विचारा. लाजू नका, मागच्या रांगेतल्या सगळ्या आईबाबांना तेच विचारायचं असतं.

२. सही करण्याआधी करार वाचा, घरच्यांना वाचून दाखवा

ऑफर लेटर आलं की घरात पेढे आधी येतात, पत्र नंतर वाचलं जातं. एक दिवस थांबा.

सगळ्यात आधी बघा की तुम्ही अप्रेंटिस कायदा १९६१ खाली येता, की कंपनीचे ट्रेनी किंवा कर्मचारी आहात. पत्रात ‘अप्रेंटिसशिप करार’ आणि नॅट्स किंवा नॅप्स या केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप योजनांच्या पोर्टलवरच्या नोंदणीचा उल्लेख असेल तर पहिला प्रकार. या कायद्याच्या कलम १८ नुसार अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नाही. म्हणून पीएफ वगैरे कापलं जात नाही. ‘माझा पीएफ का नाही’ म्हणून एचआरशी भांडायला जाऊ नका. पण त्याच कायद्यानं तुम्हाला संरक्षणही दिलंय: सरकारनं नेमलेल्या अप्रेंटिसशिप सल्लागाराच्या मंजुरीशिवाय तुमच्याकडून ओव्हरटाईम करून घेता येत नाही.

स्टायपेंडची किमान रक्कम नियमांत ठरलेली असते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पदवीधर आणि पदवी-अप्रेंटिससाठी ती महिना ९,००० रुपये झाली, डिप्लोमावाल्यांसाठी ८,०००. हे दर वेळोवेळी सुधारतात, म्हणून सहीच्या आठवड्यात पोर्टलवर चालू दर बघून घ्या. मोठ्या कंपन्या बहुधा याहून जास्त देतात. दुसरं असं की नॅट्समध्ये किमान रकमेचा अर्धा वाटा केंद्र सरकार उचलतं आणि तो थेट तुमच्या खात्यात येतो. कंपनीचे पैसे एका तारखेला, सरकारचे दुसऱ्याच तारखेला. पहिल्या महिन्यात निम्मेच पैसे बघून माझ्या मैत्रिणीची झोप उडाली होती. ती पहिल्या दारानं गेलेली. खोलीचं भाडं पहिले दोन-तीन महिने घरून आणायची तयारी ठेवा.

आता बॉन्ड, म्हणजे ठरलेली वर्षं कंपनी न सोडण्याची अट. याविषयी नागपुरात जितकी घबराट आहे तितकीच बेफिकिरी. कलम २२ मधली एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते: अप्रेंटिस करारात ‘प्रशिक्षणानंतर मी इथेच सेवा करीन’ अशी अट असेल, तर योग्य नोकरी देण्याचं बंधन कंपनीवरही येतं. म्हणजे ती अट दोन्ही बाजूंनी बांधते. अट नसेल तर प्रशिक्षण संपल्यावर तुम्हाला घ्यायचं की नाही हे कंपनीच्या भरतीधोरणावर. ते धोरण असलंच पाहिजे असं कायदा म्हणतो, त्यामुळे ते मागायला संकोच नको. कंपनीच्या ट्रेनी-करारात, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या दारात, सर्व्हिस अ‍ॅग्रीमेंट वेगळं असतं. त्यात चार गोष्टी शोधा: किती वर्षं, मधेच सोडल्यास किती रक्कम, ती रक्कम वर्षागणिक कमी होते का, आणि कंपनीनंच काढलं तर काय. शेवटचं उत्तर करारात नसेल तर एचआरला ईमेल करून विचारा. फोनवर दिलेलं उत्तर म्हणजे उत्तर नव्हे.

आणि डिग्री. पत्रात विद्यापीठाचं नाव, अभ्यासक्रमाचं नाव, फी कोण भरणार आणि ती परत वसूल होते का, हे लिहिलेलं हवं. ‘हायर एज्युकेशन सपोर्ट’ एवढंच लिहिलं असेल तर ते काहीच नाही समजा. विद्यापीठ आणि तो अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आहे ना, हे यूजीसीच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. ऑनलाइन किंवा दूरशिक्षण प्रकारातला असेल तर त्याची वेगळी यादी असते, ती बघा. उद्या एमपीएससीचा फॉर्म भरायचा झाला तर हेच आडवं येतं.

३. कागदपत्रं: खरी अडचण नावाची

यादी सगळ्यांना पाठ असते: दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, टीसी, आधार, पॅन, डोमिसाईल, फोटो. घोटाळा होतो तो नावात. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर नाव आधी. पॅनवर कधी वडिलांचं नाव मधे येतं, कधी येत नाही. त्यात ‘वानखेडे’चं इंग्रजी स्पेलिंग तीन ठिकाणी तीन. कंपनीची पडताळणी करणाऱ्या संस्थेत नाव जुळवणारा माणूस बऱ्याचदा मराठी नसतो, आणि संगणक तर मुळीच नसतो.

म्हणून आधी ठरवा की दहावीची गुणपत्रिका हीच प्रमाण. आधार आणि पॅन तिच्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या, उलटं करायला जाऊ नका, बोर्डाकडून दुरुस्ती हा लांबचा रस्ता आहे. नावच बदललेलं असेल तर राजपत्रातली नोंद लागते. निव्वळ क्रम वेगळा असेल तर एक प्रतिज्ञापत्र करून ठेवा, ते सेतूत किंवा वकिलाकडे होतं. ही कामं मे महिन्यातच उरका, जूनमध्ये प्रवेशवाल्यांची झुंबड असते.

बँक खात्याचंही एक आहे. खात्याला आधार ‘लिंक’ असणं आणि सरकारी पैसे येण्यासाठी आधार ‘सीड’ असणं या वेगळ्या गोष्टी. सरकारी रक्कम एकाच खात्यात जाते, ज्या बँकेशी तुमचं आधार शेवटचं सीड झालं त्या. कित्येकांचं ते शाळेतल्या शिष्यवृत्तीचं, गावाकडच्या बँकेतलं, वर्षानुवर्षं न उघडलेलं खातं निघतं. बँकेत जाऊन विचारलं की कळतं.

डिजिलॉकर (सरकारी कागदपत्रांची ऑनलाइन पेटी) आणि अपार आयडी (विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक) उघडून ठेवा. क्रेडिट तिथेच जमा होतात. नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट, दुसऱ्यानंतर डिप्लोमा घेऊन बाहेर पडायची सोय आहे. कोणाला मधेच सोडावं लागलं तर ते क्रेडिट वाया जात नाहीत.

४. परीक्षा आणि मुलाखत

चाळणी परीक्षेत दहावीच्या पातळीचं गणित, तर्क आणि इंग्रजी असतं. शेकडेवारी, काळ-काम-वेग, सरासरी हे पक्कं करा. बारावीचं कॅल्क्युलस बाजूला ठेवलं तरी चालेल.

मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: इंजिनिअरिंगला का नाही गेलात? मुलं इथे उगाच ‘मला लहानपणापासून टेक्नॉलॉजीची पॅशन’ वगैरे सुरू करतात. समोरच्यानं ते सकाळपासून चाळीस वेळा ऐकलेलं असतं. ‘घरची परिस्थिती अशी आहे, मला लवकर कमवायचं आहे, आणि मला काम करत शिकणं जमतं, उदाहरणार्थ हे मी केलं’ असं सरळ सांगा. उदाहरण मात्र खरं द्या. बाबांच्या किराणा दुकानाची उधारी एक्सेलमध्ये आणली असेल तर तेच सांगा. यूट्यूब बघून केलेल्या त्याच त्या कॅल्क्युलेटर प्रोजेक्टपेक्षा त्याला वजन आहे.

इंग्रजी बोलण्याची भीती वाटत असेल तर रोज दहा मिनिटं मोबाइलवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करा आणि ऐका. ऐकताना कसंतरी होतं, पण उपयोग होतो. व्याकरणापेक्षा वाक्य पूर्ण करणं महत्त्वाचं.

५. राहणं आणि येणं-जाणं

मिहान वर्धा रोडवर, शहराच्या दक्षिण टोकाला. ऑटोमोटिव्ह चौकातून निघणारी मेट्रोची ऑरेंज लाइन सीताबर्डीमार्गे खापरीपर्यंत जाते. प्रजापतीनगर किंवा लोकमान्यनगरकडून येणाऱ्यांनी सीताबर्डीला गाडी बदलायची. पण खापरी स्टेशन म्हणजे कंपनीचं गेट नव्हे. सेझच्या आतली अंतरं मोठी आहेत आणि मे महिन्यात ती पायी चालायची नसतात. कंपनीची बस कुठून सुटते, अप्रेंटिसना ती चालते का आणि शनिवारी असते का, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. नसेल तर खापरीहून ऑटो शेअर करणाऱ्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतोच, त्यात घुसा.

काही कंपन्या मिहानमध्ये नसून परसोडीच्या आयटी पार्कमध्ये आहेत. पत्रावरचा पत्ता नीट बघून मगच खोली ठरवा. मिहानसाठी मनीषनगर, बेसा, सोमलवाडा, चिंचभुवन बरे. आयटी पार्कसाठी प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर. खोली बघताना दोन गोष्टी: कूलरला खिडकी आहे का आणि उन्हाळ्यात पाणी येतं का. बाकी सगळं निभतं.

अभ्यासासाठी खोलीपेक्षा अभ्यासिका बरी. स्पर्धा परीक्षांच्या मुलांमुळे नागपुरात गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत, महिन्याच्या फीवर जागा मिळते. शेजारचा राज्यसेवेसाठी खाली मान घालून बसला असेल तर आपल्यालाही मोबाइल काढायची लाज वाटते.

६. ट्रेनिंगचे महिने

यावर फार लिहिण्यासारखं नाही. लिनक्स, एसक्यूएल, एखादी भाषा, नेटवर्किंगची तोंडओळख, गिट. दर काही आठवड्यांनी चाचणी, तिला कटऑफ. मन लावून केलं तर निघून जातं. फक्त एसक्यूएल आणि लिनक्सच्या कमांड वरवर करू नका, प्रोजेक्टवर गेल्यावर पहिले सहा महिने तेच लागतं. मशीन लर्निंगची स्वप्नं नंतर.

वागण्याविषयी थोडं. आपल्याकडे शिक्षकांना सर-मॅडम म्हणायची सवय, आणि कंपनीत म्हणतात नावानं हाक मारा. पंचेचाळिशीच्या माणसाला नुसतं नावानं हाक मारताना जीभ अडखळते. आमच्या मजल्यावर त्यावर नागपुरी तोडगा निघालाय: मीटिंगमध्ये नाव, चहाच्या टपरीवर दादा. चालतं.

७. पहिलं तिकीट, आणि प्रश्न कसा विचारायचा

ट्रेनिंग संपलं की प्रोजेक्ट मिळतो, किंवा काही दिवस बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टशिवाय, बसावं लागतं. मग एक दिवस तुमच्या नावावर पहिलं तिकीट, म्हणजे सोडवायचं काम, पडतं. इथून पुढे तुमची किंमत ठरते ती तुम्ही किती लवकर उत्तर शोधता यावर नाही, तर अडल्यावर कसं विचारता यावर.

एक खरा प्रसंग सांगते, धंदा बदलून. एका कंपनीच्या ऑनलाइन ऑर्डरींचा रोजचा रिपोर्ट क्लायंटच्या आकड्याशी जुळत नव्हता. फरक छोटा, पण रोजचा. आमच्या बॅचच्या एकानं सिनिअरला चॅटवर लिहिलं, ‘सर, रिपोर्ट चुकून राहिला, काय करू?’ दुपारपर्यंत उत्तर आलं नाही. येणार कसं? सिनिअरपुढे अशी दहा वाक्यं पडलेली असतात, आणि यातून त्याला एवढंच कळतं की आता सगळं आपल्यालाच बघायचं आहे.

मग तो आणि मी बसून दोन्ही याद्या एकमेकींशेजारी लावल्या. चुकीच्या तारखेत गेलेल्या सगळ्या ऑर्डरी रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळेतल्या निघाल्या, आणि त्या आदल्या दिवसात मोजल्या जात होत्या. साडेपाच म्हटल्यावर डोक्यात घंटा वाजायला हवी: भारतीय वेळ यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, साडेपाच तास पुढे आहे. सर्व्हरवर वेळ यूटीसीत साठवलेली होती आणि क्वेरी (डेटाबेसमधून माहिती काढणारी आज्ञा) त्या वेळेचं भारतीय वेळेत रूपांतर न करताच तारीख काढत होती. पहाटे तीनची ऑर्डर तिच्या दृष्टीनं आदल्या रात्री साडेनऊची. मग दुसरा मेसेज गेला, साधारण असा:

‘१२ तारखेची ऑर्डरसंख्या क्लायंटच्या यादीशी जुळत नाही. ज्या ऑर्डरी जुळत नाहीत त्या सगळ्या रात्री १२ ते पहाटे ५.३० मधल्या आहेत आणि आमच्या रिपोर्टमध्ये आदल्या तारखेला दिसतात. टेस्टवर जॉब पुन्हा चालवला, तोच निकाल. वेळ यूटीसीत आहे आणि तारीख काढण्याआधी रूपांतर होत नाही असं वाटतं. क्वेरी सोबत जोडली आहे. आधी रूपांतर, मग तारीख, असा बदल करून बघू का?’

उत्तर पाच मिनिटांत आलं: करा.

या मेसेजमध्ये काय काय आहे ते बघा. काय अपेक्षित होतं, काय झालं, काय करून पाहिलं, कशाचा संशय आहे आणि समोरच्याकडून नेमकं काय हवं. एवढं लिहायला बसलं की निम्म्या वेळा उत्तर लिहितानाच सापडतं आणि मेसेज पाठवायची गरजच उरत नाही. किती वेळ स्वतः झगडायचं? आमच्याकडे साधारण अर्धा-पाऊण तास धरतात. प्रॉडक्शन (क्लायंट वापरतो ती चालू यंत्रणा) बंद असेल तर अर्धं मिनिटही नाही, लगेच ओरडायचं.

रोज निघताना तीन ओळी लिहा: आज काय केलं, कुठे अडलं, उद्या काय. वही असो की फाइल. सकाळच्या स्टँडअपला (टीमच्या छोट्या मीटिंगला) तेच वाचायचं, महिन्याअखेर मेंटरला तेच दाखवायचं, आणि कॉलेजची लॉगबुक (कामाची नोंदवही) मागितली की त्यातूनच भरायची. जे रोज लिहीत नाहीत ते सेमिस्टरच्या शेवटी सगळी लॉगबुक एका रात्रीत, एकाच पेनानं भरतात. परीक्षकाला ते पहिल्या पानावर कळतं.

८. डिग्री सांभाळणं

क्लास बहुधा शनिवार-रविवारी किंवा संध्याकाळी, ऑनलाइन. ऐकायला सोपं. पण महिन्याअखेरचा रिलीज (सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती देणं) आणि तुमची असाइनमेंट एकाच शुक्रवारी येतात, कायम.

परीक्षेच्या तारखा जाहीर झाल्या त्याच दिवशी मॅनेजरला ईमेल करा आणि टीमच्या कॅलेंडरमध्ये टाका. आठ दिवस आधी सांगितलेली परीक्षा ही मॅनेजरच्या लेखी तुमची अडचण असते. दोन महिने आधी सांगितलेली परीक्षा हे त्याचं नियोजन होतं. माझ्या ओळखीच्या एका मुलाला तोंडी ‘हो हो, जा तू’ मिळालं होतं. मग मॅनेजर बदलला आणि नव्याला काहीच माहीत नव्हतं. पेपरच्या आदल्या दिवशी सुट्टीसाठी पळापळ. ईमेल असता तर एक फॉरवर्ड पुरला असता.

कामाचा उपयोग डिग्रीत करा, नाहीतर दोन्हीकडे वेगळा वेगळा जीव जातो. डेटाबेसचा प्रोजेक्ट द्यायचा असेल तर कामातलीच एखादी अडचण विषय म्हणून घ्या. पण इथे अतिशय जपून. कंपनीचा कोड, क्लायंटचं नाव, खरा डेटा, स्क्रीनचे फोटो यातलं काहीही विद्यापीठाच्या रिपोर्टमध्ये जाता कामा नये. वर मी ऑर्डरींचा प्रसंग ‘धंदा बदलून’ सांगितला तो त्याचसाठी. पद्धत अशी: विषय आणि एक पानाचा सारांश मॅनेजरला पाठवून लेखी परवानगी घ्या, डेटा स्वतः बनवलेला खोटा वापरा, आणि कोड घरच्या लॅपटॉपवर नव्यानं लिहा. कंपनीच्या लॅपटॉपवरून स्वतःला फाइल मेल करू नका, ते लगेच पकडलं जातं. आणि कितीही घाई असली तरी क्लायंटचा कोड बाहेरच्या एआय चॅटबॉटमध्ये पेस्ट करू नका. कंपनीनं दिलेलं साधन असेल तेच वापरायचं.

घरच्यांशीही एकदा बोलून ठेवा. उमरेडला आमच्याकडे शनिवारी पाहुणे येणार म्हणजे मी घरी हवी, असा अलिखित नियम होता. ‘नोकरीला सुट्टी आहे ना तुला’ हे वाक्य वर्षभर ऐकलं. शेवटी सेमिस्टरचं वेळापत्रक छापून फ्रिजवर लावलं. तेव्हापासून आई फोनवर स्वतःच सांगते, ‘तिचा क्लास आहे हो.’

९. मे महिन्यातली नाईट शिफ्ट

हे सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. पण अमेरिकेतल्या क्लायंटच्या सपोर्ट प्रोजेक्टवर गेलात तर येतं, आणि नागपुरात त्याचं वेगळंच प्रकरण होतं, कारण झोपायचं दिवसा आणि बाहेर पारा पंचेचाळीसच्या आसपास. खोलीत कूलर असेल तर टाकी सकाळी झोपण्याआधी काठोकाठ भरा. दुपारी एकला पाणी संपलं की पंप कोरडा चालतो, नुसती गरम हवा येते, आणि एकदा उडालेली झोप परत येत नाही. वाळ्याच्या ताट्या बसवा आणि खिडकीला जाड पडदा लावा. कामावरून आल्यावर तर्री पोहे खाऊन झोपायचा मोह होतो, तो आठवड्यातून एकदाच. पोटात ती तर्री घेऊन दुपारी झोपून दाखवा, मग बोलू.

मुलींनो, रात्रीच्या शिफ्टला कंपनीची कॅब दारापर्यंत येते का हे आधीच विचारा. ‘चौकापर्यंत सोडू’ हे उत्तर मान्य करायचं नाही. आणि परीक्षेच्या महिन्यात शिफ्ट बदलून मिळते का, तेही रोस्टर बनण्याआधी लिहून मागा.

१०. शेवटचं वर्ष

कायम होण्याची चर्चा स्वतः सुरू करा, शेवटच्या सहा महिन्यांत. कोणत्या पदावर, किती पगारावर, आणि डिग्री पूर्ण झाल्यावर श्रेणी बदलते का. काही ठिकाणी डिग्री हातात आली तरी आपोआप काही होत नाही, अर्ज करावा लागतो. कायम झालात की पीएफ सुरू होतो आणि यूएएन (पीएफचा कायमचा खाते क्रमांक) मिळतो, तो जपून ठेवा.

प्रमाणपत्रं दोन निरनिराळी असतात. नॅट्समधून आलेल्यांना प्रशिक्षण पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र पोर्टलमार्फत मिळतं. कंपनीचं अनुभवपत्र वेगळं मागावं लागतं. त्यावर तारखा, कामाचं स्वरूप आणि वापरलेलं तंत्रज्ञान लिहिलेलं असेल असं बघा, नुसतं ‘अप्रेंटिस’ नको. पुढची कंपनी ही वर्षं अनुभवात धरेल की नाही, ते बऱ्याच अंशी या कागदावर ठरतं. नावाचं स्पेलिंग इथेही दहावीप्रमाणेच.

आणि ज्यांना कंपनी सोडायची आहे त्यांनी विद्यापीठाच्या पोर्टलवरचा ईमेल आयडी आजच तपासा. प्रवेश कंपनीमार्फत झालेला असतो, त्यामुळे तिथे अनेकांचा कंपनीचाच मेल नोंदवलेला असतो. शेवटच्या दिवशी संध्याकाळी तो मेल बंद होतो आणि मग निकाल, फीच्या पावत्या, पासवर्ड बदलायचा ओटीपी, सगळं त्याच बंद पेटीत जाऊन पडतं. स्वतःचा मेल आणि मोबाइल नंबर बदलून घ्या, ग्रेडकार्ड डाउनलोड करा, आणि मगच राजीनाम्याचं बटण दाबा.